तुम्ही विचारलंत म्हणून: चाकू चिवट आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

पावसाळा ओसरला की हा प्रश्न हमखास येतो. 'कॅम्पिंगसाठी फिक्स्ड ब्लेड चाकू घेतलाय. तो टफ आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं? दगडावर मारून बघू? व्हाइसमध्ये धरून वाकवू?'

दगडावर मारू नका. दगडापुढे चांगल्या चाकूचीही धार जाते आणि वाईटाचीही, त्यामुळे कळत काहीच नाही. वाकवायचंच असेल तर सगळ्यात शेवटी.

आधी एक घोळ मिटवू. कडकपणा म्हणजे पोलाद दबायला किती विरोध करतं ते, आणि तो रॉकवेलच्या एचआरसी आकड्यात मोजतात. चिवटपणा म्हणजे फटका बसल्यावर तडा न जाता पोलाद तो किती पचवतं ते. डी2, ए2 आणि 3व्ही ही चाकूंच्या पोलादांची नावं. क्रुसिबल या अमेरिकी पोलाद कंपनीच्या तक्त्यात 60 एचआरसीला डी2 चा चार्पी आकडा (तुकड्यावर फटका मारून मोजलेला चिवटपणा) 28 जूल आहे, ए2 चा 53 आणि 3व्ही चा 95. कडकपणा तिघांचा सारखा, चिवटपणात मात्र तिपटीहून जास्त फरक. म्हणून खोक्यावर '60 एचआरसी' छापलंय एवढ्यावर समाधान मानू नका. शिवाय चार्पी यंत्रात पोलादाचा तुकडा तपासला जातो, तुमचा चाकू नाही. चाकू मोडतो तो धारेला, टोकाला किंवा मुठीच्या सांध्याला, आणि ही तिन्ही ठिकाणं वेगवेगळी तपासावी लागतात.

सुरुवात डोळ्यांनी करा. सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पातं जिथे मुठीत शिरतं तो कोपरा बघा. मुठीच्या आत जाणारी पट्टी, म्हणजे टँग, तिथे काटकोनात कापलेली असेल तर सगळा ताण त्या कोपऱ्यात साचतो. तिथे गोलाई हवीच. मोठे चाकू मोडतात ते बहुतेकदा याच जागी, आणि त्यात पोलादाचा दोष नसतो. टँग पूर्ण रुंदीची असेल तर उत्तम; मुठीच्या आत लपलेली असेल तर निदान पात्याच्या निम्म्या रुंदीची हवी.

तडे शोधायला रॉकेल आणि खडू पुरतात. पातं पुसून त्यावर रॉकेल लावा, वीस मिनिटं थांबा, कोरडं स्वच्छ पुसा आणि वरून खडूची भुकटी पसरा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर केसासारखी ओली रेघ उमटते. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (लीफ स्प्रिंगपासून) बनवलेल्या चाकूवर ही तपासणी चुकवू नका. पाट्याचं पोलाद मुळात चांगलं चिवट असतं, पण वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकून त्यात बारीक तडे पडलेले असू शकतात, आणि लोहाराने कितीही चांगलं पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, तरी ते बुजत नाहीत.

कडकपणाचा नेमका आकडा हवा असेल तर इथे नागपुरात हिंगणा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे विचारा. मोजणीचा ठसा पाठीजवळच्या सपाट भागावर घ्यायला सांगा. उतरत्या बाजूवर घेतला तर आकडा चुकीचा येतो. घरी धारेवर नव्हे, पाठीवर कानस हलकी फिरवा. कानस सहज माती खाल्ल्यासारखी चालली तर तिथे पोलाद मऊ आहे. मात्र काही चाकूंची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, तेवढं ध्यानात ठेवा.

आता खरी परीक्षा, पितळेच्या सळईची. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात 6 मिमीची सळई मिळते. ती व्हाइसमध्ये आडवी अशी धरा की तिचा निम्मा गोल जबड्यांच्या वर राहील. समोरून दिव्याचा उजेड येऊ द्या. पातं सळईवर आडवं टेका आणि पाठ हळूहळू उचला, धारेचा उतार सळईला नेमका चिकटेपर्यंत. मग साधारण 15 किलोचा दाब देत चाकू मुठीकडून टोकाकडे ओढा. दाब किती, याचा अंदाज नसेल तर आधी वजनकाट्यावर हात दाबून बघा. सळईवर टेकलेल्या जागी धार किंचित बाहेर वाकते आणि तो चमकता फुगवटा चाकूबरोबर पुढे सरकताना दिसतो. सळई पुढे गेल्यावर धार पुन्हा सरळ झाली तर टेंपर (पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा दिलेला मंद ताव) बरोबर आहे. लाटेसारखी वाकडीच राहिली तर मऊ आहे. अर्धचंद्रासारखे तुकडे उडाले तर ठिसूळ. जाड, बोथट कोनाची धार वाकतच नाही. तो दोष समजू नका, त्या धारेला ही चाचणी लागू नाही इतकंच.

पहिल्याच वेळी दाते पडले म्हणून चाकू फेकू नका. कारखान्यात कोरड्या पट्ट्यावर धार काढताना पातळ कड तापते आणि तेवढ्या भागाचं टेंपर बिघडतं. पाण्याच्या दगडावर दोन-तीनदा धार लावून तो भाग झिजवा आणि मग पुन्हा तपासा. आपल्याकडच्या उन्हाचीही अनेकांना धास्ती असते. मे महिन्यात बंद गाडीत राहिल्याने टेंपर जात नाही, त्याला दीडशे अंशांच्या पुढचा ताव लागतो. पण ग्राइंडरवर धार निळी पडली तर ती साधारण 300 अंशांची खूण आहे. साध्या कार्बन पोलादाची तेवढी धार गेलीच म्हणा.

यानंतर लाकूड. लकडगंजच्या वखारींतून सागाचे आणि बाभळीचे वाळके तुकडे आणा, मनगटाहून थोडे जाड. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला चाकू नेऊन हा प्रयोग करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि अभयारण्यात तो परवानगीशिवाय नेता येत नाही. अंगणात करा, पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर सेफ्टी चष्मा आणि पायात बूट घाला.

सुरुवात सरळ रेषेच्या सागापासून. धार लाकडाच्या डोक्यावर टेकवा, टोक पलीकडे चार-पाच बोटं बाहेर राहू द्या आणि पाठीवर लाकडी दंडुक्याने मारा. लोखंडी हातोडा अजिबात नको. मूठ सैल धरा आणि पातं आडवं समतल ठेवा. एक बाजू खाली गेली की फटक्याचा सगळा पीळ सांध्यावर येतो. साग नीट चिरला तर गाठ असलेली बाभूळ घ्या. शेवटी वाळक्या बांबूच्या पेरावर तिरके घाव घाला. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे धार बोथट होणारच, त्याचं काही नाही. बघायचं ते भिंगातून आणि नखावर धार हलकी सरकवून: दाते पडलेत की कड मुडपली? मुडपलेली धार काही मिनिटांत सरळ होते. दाते घासून काढायला तासभर जातो, आणि कॅम्पवर तेवढा वेळ नसतो. म्हणून या कामाच्या चाकूला मी मुडपणारी धार केव्हाही पसंत करीन.

टोकासाठी ते सागाच्या फळीत सेंटिमीटरभर रुतवा आणि बाजूला मुरगाळून ढलपी काढा. मग दीड सेंटिमीटर. सुईसारखं निमुळतं टोक इथे मोडतं. तो आकाराचा दोष, पोलादाचा नव्हे.

वाकवण्याबद्दल बराच गैरसमज आहे. 'सहज वाकतो म्हणजे टेंपर कच्चं' असं सर्रास म्हणतात आणि ते चूक आहे. पोलादाचा ताठपणा टेंपरने जवळपास बदलत नाही, तो ठरतो जाडीवर, आणि तोही घनाच्या प्रमाणात. 3 मिमीचं पातं 5 मिमी केलं तर ताठपणा साडेचार पटींहून जास्त होतो. टेंपर कळतं ते पातं परत सरळ येतं का, यावरून. व्हाइसच्या जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा, नाहीतर जबड्यांच्या दातांचे ओरखडेच तड्याची सुरुवात करतात. टोकाकडचं 5 सेंमी धरा, मुठीवर लांब पाइप चढवा आणि बाजूला उभं राहून 15 अंश वाकवून सोडा. काचेवर ठेवून सरळ आहे का बघा. मग 20, मग 25. जिथे बाक राहायला लागेल तिथे थांबा. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत चाकू 90 अंश वाकवतात, हे बरोबर आहे. पण तो चाकू पाठ मऊ ठेवून त्याच परीक्षेसाठी घडवलेला असतो. डी2 चा चाकू त्याच्या निम्म्यातही मोडेल आणि तरी कापायच्या कामाला उत्तम असेल.

मोडलाच तर तुकडे टाकू नका, मोडीचा पृष्ठभाग उन्हात धरून बघा. राखाडी, मऊसर, रेशमी दिसला तर पोलादाचा रवा बारीक आहे. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर पाणी देण्याआधी ताव जास्त झाला. मोडीच्या एका कोपऱ्यात काळपट किंवा पिवळसर डाग असेल तर तो तडा आधीचाच, बहुधा पाणी देतानाचा, आणि टेंपरच्या भट्टीत त्याला रंग चढलेला.

धारेला दाते पडत राहिले तर आधी धारेचा कोन प्रत्येक बाजूने दोन-तीन अंशांनी वाढवा. 17 चा 20 केला तरी बहुतेक तक्रारी थांबतात. तेवढ्याने भागलं नाही तर मूठ काढून पुन्हा टेंपर करून घ्या. साध्या कार्बन पोलादाचं टेंपर 200 अंशांवर झालं असेल तर 215 ते 220 वर, दोन-दोन तास, दोनदा. 'अजून वाढवा' असं मात्र सांगू नका, कारण अशा पोलादात 260 ते 370 अंशांच्या दरम्यान चिवटपणा उलट घटतो. डी2 किंवा स्टेनलेसला हे आकडे लागू नाहीत. त्यांचं टेंपर त्या-त्या पोलादाच्या तक्त्याप्रमाणे, हीट ट्रीटमेंटवाल्याकडूनच करून घ्या.