केनईचं टाकं नं. ३ : पोरीच पोरी काऊन निघून राहिल्या

मंडळी, लय दिवसांनी लिहून राहिलो. मधात रोवणी होती, त्याच्यात माणूस मासोळ्यांना दाणा टाकायचंही विसरते. आता धान उभं झालं, थोडी सवड आहे, तर राहिलेला हिशेब मांडतो.

नवीन भावांसाठी आधी सांगून देतो. माझ्याकडे केनई मासोळी आहे, आफ्रिकेतल्या मलावी तलावातली, सिक्लिड कुळातली. मादी अन् पिल्लं निळी, अंगावर काळे पट्टे, नर मोठा झाला का पिवळा पडते. मादी अंडी तोंडातच धरते अन् तीनेक आठवडे जवळपास उपाशी राहते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे का चहाच्या गंजाला पांढरा थर धरते, घरचे त्याच्यावरून रोज बोंबलते, पण मलावीच्या मासोळीला तसंच पाणी मानवते, म्हणून टिकलो नाहीतर डिस्कस, म्हणजे हलकं पाणी लागणारी मासोळी, पाळायच्या नादात केव्हाच बुडालो असतो.

तर तीन माद्या, नर एकच, अन् प्रत्येकीची पिल्लं वेगळ्या सिमेंटच्या टाक्यात वाढवली. १ नंबरची २४ जगली, त्यात ११ नर. २ नंबरची २९, नर १५. अन् ३ नंबरच्या मादीची ३१, नर फक्त ५. तिच्या आधीच्या खेपेची वही काढून पाहिली तर २२ मध्ये ४. दोन्ही मिळून ५३ पिल्लांत ९ नर. एका खेपेला म्हटलं असतं नशीब, दोनदा सारखंच म्हणजे काहीतरी भानगड आहे.

हे आकडेही पहिल्यांदा चुकले होते बरं का. मी निळं दिसलं का पोरगी असं धरून मोजून राहिलो होतो. पण टाक्यात एक दांडगा नर असला का बाकीचे नर भीतीनं निळेच राहते. मग एकेक मासोळी ओल्या फडक्यात उलटी धरून मोबाईलच्या टॉर्चवर खालची दोन छिद्रं पाहिली. नराची दोन्ही जवळपास सारखी, मादीचं मागचं मोठं. ३१ मधल्या तीन 'पोरी' पोरं निघाले. पाठ मोडली, पण करा हे, रंगावर जाऊ नका.

आता कारण. आमच्या ग्रुपचं एकच उत्तर, विदर्भाचं ऊन. मला नाही पटत. एक तर ऊन तिन्ही टाक्यांवर सारखंच पडते. दुसरं म्हणजे नाईल तिलापियाची (हीपण सिक्लिडच) पिल्लं ३६ डिग्रीच्या आसपास वाढवली तर उलट नर जास्त होते. म्हणजे उन्हानं झालंच असतं तर पोरं निघाली असती.

मला जे पटून राहिलं ते आहे बी (B) क्रोमोसोम. क्रोमोसोम म्हणजे पेशीतले वारशाचे धागे. आफ्रिकी सिक्लिडमध्ये बहुतेकांचे ४४ क्रोमोसोम असते, अर्धे मायकडून अर्धे बापाकडून. काही मासोळ्यांत त्याच्यावर एक जास्तीचा असते, तो नसला तरी मासोळीचं काही अडत नाही. पंगतीत न बोलावता बसलेला पाहुणा समजा. विल्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये किड्यांत असे जास्तीचे क्रोमोसोम पाहिले, बी हे नाव १९२८ मध्ये मक्याच्या अभ्यासात पडलं. मलावीच्या ज्या जातींत हा सापडला त्यात आपली केनईही आहे, अन् सापडते तो फक्त माद्यांत, एकच.

खरी गंमत याच्या पुढे आहे, इथं थोडं थांबून वाचा. जोडी नाही म्हटल्यावर हा निम्म्या अंड्यांत जायला पाहिजे. पण २०१९ च्या अभ्यासात तो सरासरी ७० टक्के पिल्लांत गेलेला दिसला. अंडं तयार होताना पेशीच्या चार भागांतला एकच भाग अंडं बनते, बाकीचे बारके तुकडे वाया जाते, अन् हा गडी बरोबर अंड्याच्या बाजूला जाऊन बसते. नरात ही सोयच नाही, तिथं चारही भागांचे शुक्राणू होते, वाया काही जात नाही. म्हणजे पोराच्या अंगात गेला तर याची चलाखी संपली. मग यानं काय केलं तर मादी बनवायचा हुकूमच सोबत ठेवला. ज्या पिल्लात बी गेला ते मादीच, वाय (Y), म्हणजे नर बनवणारा क्रोमोसोम, असला तरी! स्वतःला पुढं सरकवायला घरातल्या पोरांच्या पोरी करून टाकल्या, इतका स्वार्थी भाडेकरू मी तर पाहिला नाही.

आता माझं गणित. ७० टक्के पोरी त्याच्यामुळेच. उरलेल्या ३० मध्ये नेहमीसारखं निम्मं-निम्मं धरलं तर नर १५ टक्के. मादी स्वतःच वायवाली असली तर त्या ३० मधले पाऊण नर, म्हणजे साडेबावीस. माझे ९ भागिले ५३, सतराच्या आसपास. जुळते, पण ५३ मासोळ्यांवर एवढं उड्या मारण्यासारखं काही नाही हे मलाही कळते.

सगळ्याच मासोळ्यांत हा असाच वागते असं नाही. अमेझॉन मॉलीत, जी मेक्सिको-टेक्सासकडची आहे अन् सगळ्या माद्याच असते, तिथं दुसऱ्या जातीच्या नराचा शुक्राणू फक्त अंडं जागं करते, पण कधीकधी त्याच्या क्रोमोसोमचे बारके तुकडे आत राहून जाते, तेच तिथले बी. अन् झेब्रा ऑब्लिक्विडेन्स नावाच्या दुसऱ्या आफ्रिकी सिक्लिडमधला बी तर आजीच्या वाकळीसारखा, जवळपास सगळ्याच क्रोमोसोमचे तुकडे जोडून झालेला.

मग म्हटलं डोळ्यानं पाहू. भाची एमएस्सी झूलॉजी करते. मे महिन्यात रात्री लाईन गेली, पंप बंद, सकाळी ३ नंबरची एक पोरगी उलटी. मी शहाण्यासारखा बर्फात घालून तालुक्याच्या कॉलेजात घेऊन गेलो. भाची डब्यात पाहून म्हणे, "मामा, मेलेली कायले आणली? पेशी विभागत असताना पकडा लागते." तो अख्खा दिवस अन् बसचं भाडं वाया.

दुसऱ्यांदा जिवंत नेली. पेशी विभागतानाच थांबवणाऱ्या कोल्चिसिनचं इंजेक्शन, मग डोक्याजवळच्या किडनीचा तुकडा, मिठाच्या पातळ पाण्यात पेशी फुगवणं, मिथेनॉल अन् ॲसिटिक ॲसिड, शेवटी क्रोमोसोम दिसायला गिम्सा रंग. मासोळी गेली, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. स्लाईडवर मोजण्यासारख्या १२ पेशी मिळाल्या, ७ मध्ये ४५, ३ मध्ये ४४, २ मध्ये ४३. पेशी फुटली का एखादा क्रोमोसोम निसटते, अन् शेजारचा येऊनही पडते, म्हणून भाचीनं अजून हो म्हटलं नाही. पक्कं करायला पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, लागते, ते आपल्या खिशाचं काम नाही.

सध्या ३ नंबरच्या चार पोरी वेगळ्या काढल्या, १ नंबरच्या घरच्या नराला लावणार. चारपैकी एखादीची पिल्लं निम्मी-निम्मी निघाली तर तिच्यात बी आला नाही असं धरीन. वही सुरू आहे.

अन् ३ नंबरची परवापासून तोंड मिटून कोपऱ्यात बसली आहे, गळा फुगलेला, दाण्याकडे पाहत नाही. एअरपंप इन्व्हर्टरवर टाकून ठेवला.