चवळीवरचा मावा आणि आमची परसबाग

सिन्नरच्या पूर्वेकडचा पट्टा अवर्षणाचा. तिथल्या आमच्या दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत परसबाग करायची म्हटल्यावर जो तो एकच विचारी, "मॅडम, पाणी कुठनं आणणार?" पोषण आहारानंतर मुलं ताटं धुतात, ते पाणी गटारीत जायचं. चर खणून तेच वाफ्यांकडे वळवलं. शितं कुजून वास सुटला, तेव्हा चराच्या तोंडाशी खडी-वाळू भरली, कडेला कर्दळ लावली. ताटांना साबण बंद, राख सुरू.

जमीन मुरमाड, म्हणून वाफे खणण्याऐवजी शेणखत, माती, पालापाचोळा रचून उंचच केले. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत; त्याची मात्रा 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. आमची बादली 20 लिटरची. पाचवीचा दशांश अपूर्णांकांचा तास त्या बादलीभोवतीच झाला. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

खरा अभ्यास श्रावणात झाला. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला. एक पालक पाठीवर औषध फवारायचा पंप घेऊनच आले, "दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम." पण ती चवळी दुपारी मुलांच्याच खिचडीत पडणार होती. त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मुलांच्या हातात भिंगं दिली. शेंड्यावर मुंग्यांची ये-जा चाललेली. मावा सोडतो तो गोड चिकटा त्यांना हवा असतो, त्यासाठी त्या त्याची राखणही करतात. तेवढ्यात एकीला काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली. "मारा, मारा!" असा गलका झाला. जरा थांबा म्हटलं. अळीने एक मावा तोंडात धरला, चघळला, दुसऱ्याकडे वळली. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी.

परिसर अभ्यासात अन्नसाखळी म्हटली की मुलं गवत, हरीण, वाघ घडाघडा म्हणतात. वाघ इथे कोणी पाहिलेला नाही. (बिबट्या पाहिलाय, पण तो कुत्री नेतो!) त्या दिवशी फळ्यावर चवळी, मावा, ढालकिडा आले, आणि मुंगीला कुठे बसवायचं यावर भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

फार लागलेले शेंडे खुडून टाकले. थोडी चवळी हातची गेलीच.

उन्हाळ्यात बाग जगवायचा हट्ट मी धरत नाही. सुट्टीत ताटंच धुतली जात नाहीत, तर पाणी कुठलं? शेवगा आणि कढीपत्ता तेवढे तग धरतात. चवळी, भेंडी, दोडक्याचं बी राखेत घालून बाटल्यांत भरायचं. बाटलीवर नाव आणि महिना लिहायचं काम चौथीकडे.