दोन थरांमधला सांधा

धाग्यांच्या कापडाचे थर एकमेकांना चिकटवून बनवलेल्या साहित्याविषयी (कंपोझिटविषयी) चर्चा निघाली की ती बहुधा धाग्यापाशीच थांबते. काच घ्यावी की कार्बन, कापड किती ग्रॅमचे, किती थर द्यावेत, हेच प्रश्न विचारले जातात. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत एफआरपीची, म्हणजे धागे घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकची, आणि चिकटवण्याची कामे करत असताना मात्र माझे मत असे बनत गेले आहे की, अशी वस्तू निकामी होते ती धागा तुटल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा एक थर दुसऱ्यापासून सुटतो आणि मग बाकीचे सारे बिघडत जाते. या क्षेत्रातील नवे संशोधन ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी धाग्यापेक्षा सांध्याकडे अधिक बारकाईने पाहावे.

आपल्या भागातले याचे सर्वांत भव्य उदाहरण साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर उभे आहे. पवनचक्कीचे पाते दुरून अखंड दिसत असले, तरी त्याची दोन कवचे वेगवेगळ्या साच्यांत तयार होतात. साच्यात काचेचे कापड अंथरतात, मधल्या भागात बाल्सा लाकूड किंवा फोम बसवतात, वरून प्लास्टिकची पिशवी घालून आतील हवा ओढून घेतात आणि त्या निर्वातामुळे रेझिन, म्हणजे पुढे घट्ट होणारा चिकट द्रव, कापडात खेचले जाते. पुढे आतले उभे पडदे बसवून दोन्ही कवचे एकमेकांवर आणली जातात आणि कडांना दाट पेस्टसारख्या ॲडेसिव्हने (चिकटद्रव्याने) जोडली जातात. वर्षानुवर्षे प्रत्येक फेऱ्यात एकदा ताण आणि एकदा दाब सोसणाऱ्या या पात्याला कडेला एकही नट-बोल्ट नसतो.

मधला हलका गाभा कशासाठी, याचे उत्तर साध्या गणितात आहे. पत्र्याचे वाकण्याला होणारे प्रतिरोधन त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून एकाच पत्र्याचे दोन पातळ थर करून मध्ये हलका गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा सुमारे ७ पट होतो. जाडी चौपट केली, तर तो सुमारे ३७ पट होतो आणि वजन मात्र अवघे काही टक्के वाढते. हा सगळा लाभ एका अटीवर मिळतो, ती म्हणजे वरचा थर गाभ्यापासून सुटता कामा नये. तो सुटला की उरतात दोन सुटे, लवचीक पत्रे.

हे तंत्र नवे नाही. ब्रिटनचे मॉस्किटो विमान १९४० मध्ये पहिल्यांदा उडाले, ते बर्चच्या पातळ फळ्यांमध्ये बाल्सा घालून बनवलेल्या सांगाड्यावर. १९४४ च्या अखेरीस भारतात आलेली काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली आणि त्यांची उड्डाणे थांबवावी लागली. एका तपासाने आपल्या मोसमी हवेकडे बोट दाखवले, तर दुसऱ्याने कारखान्यातल्या सदोष चिकटवणीकडे. मला हा वाद अजूनही ताजा वाटतो, कारण सांधा सुटला की आपल्याकडे आजही पहिला दोष हवेला किंवा मालाला दिला जातो आणि चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग कसा तयार केला होता, हे शेवटी विचारले जाते.

त्याच सुमारास, १९४१ मध्ये, नॉर्मन डी ब्राइन यांनी रिडक्स हे ॲडेसिव्ह विकसित केले आणि धातूला धातू विश्वासाने चिकटवता येऊ लागला. पुढच्या काही वर्षांत इपॉक्सी हे दोन भाग मिसळून घट्ट होणारे रेझिन बाजारात आले. अॅराल्डाइट हे त्यातलेच नाव तर आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात माहीत आहे.

धातूच्या पत्र्यावरची एक चाचणी मी प्रत्येक नव्या कारागिराला स्वतःच्या हाताने करायला लावतो. ॲल्युमिनियमचा पत्रा थिनरने पुसायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा स्वच्छ कापडाने पुसायचा आणि मग तिरपा धरून त्यावर स्वच्छ पाणी ओतायचे. पाण्याची एकसंध चादर अर्धा मिनिट टिकली, तर पत्रा तयार आहे. मध्येच ती फाटून थेंब गोळा झाले, तर तिथे तेल, बोटाचा ठसा किंवा कापडातले मेण अजून शिल्लक आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, खर्चही होत नाही, आणि तरीही ती टाळणारे लोक पुढे महागडे ॲडेसिव्ह मागवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या हवेचा विचारही असाच आधीच करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग) मिसळलेले रेझिन डब्यात फार लवकर तापते. तापमान १० अंशांनी वाढले की काम करण्याचा अवधी साधारण निम्मा होतो, आणि डब्यात माल जास्त असेल तर स्वतःच्याच उष्णतेने तो धुमसू लागतो. जुलैमध्ये उलट अडचण येते. अमाइन या प्रकारच्या रसायनाचा हार्डनर असलेल्या इपॉक्सीवर दमट हवेत तेलकट, पांढुरका पापुद्रा धरतो. तो तसाच ठेवून दुसरा थर दिला की थर चिकटल्यासारखा दिसतो आणि काही महिन्यांनी साल निघावी तसा निघून येतो. कोमट पाण्याने धुऊन, घासून, वाळवून मगच पुढचा थर देणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे. पठारावर तर पात्याचे टोक सेकंदाला ७०-८० मीटर वेगाने पावसाच्या थेंबांवर आदळत असते. म्हणूनच पात्याच्या पुढच्या कडेवर आता लवचीक पॉलियुरेथेनचे लेप किंवा पट्ट्या लावतात.

सांध्याला ताण कोणत्या दिशेने बसतो, यावर सारे अवलंबून असते. सरकवणारा ताण ॲडेसिव्ह उत्तम सोसते. सोलणारा ताण मात्र फार कमी. शिवाय दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या, तर भार सगळ्या लांबीवर सारखा वाटला जात नाही, तो दोन्ही टोकांशी एकवटतो. त्यामुळे सांध्याची लांबी दुप्पट केल्याने ताकद दुप्पट होत नाही. साखर कारखान्यांतल्या कन्व्हेयर बेल्टची जोडणी पायऱ्या पाडून, तिरकी करतात, ती याच कारणाने. प्रत्येक कापडी थर वेगळ्या ठिकाणी संपतो आणि भार एका रेषेवर येत नाही. पायऱ्या पाडताना सुरीचा खालच्या थरावर पडलेला एक ओरखडा पुढच्या हंगामात बेल्ट नेमका तिथेच फाडतो.

चिकटद्रव्यांत गेल्या काही दशकांत झालेल्या बदलांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कडक इपॉक्सीला चिवट बनवण्याचा. त्यात रबराचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. भेग त्या कणांपाशी पोचली की तिची ऊर्जा तिथे खर्च होते आणि ती पुढे सरकत नाही. मोटारींच्या सांगाड्यात आज स्पॉट वेल्डिंगच्या जोडीला असे ॲडेसिव्ह वापरतात. थोडे तेल राहिलेल्या पत्र्यालाही धरणारी ॲक्रिलिक ॲडेसिव्ह आली आहेत, आणि सांध्याची जाडी सर्वत्र सारखी राहावी म्हणून पेस्टमध्ये ठरावीक व्यासाचे काचेचे मणी घालतात. विमानांत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि काचेच्या धाग्यांचे थर आलटून पालटून चिकटवलेले ग्लेअर हे साहित्य एअरबस ए३८० च्या वरच्या कवचात वापरले गेले. धातूला भेग पडली तरी शेजारचे धागे तिला धरून ठेवतात. लीप या विमानाच्या इंजिनाच्या पंख्याची पाती तर थर रचून बनतच नाहीत. त्यांचा कार्बन धागा तिन्ही दिशांना विणलेला असतो, त्यामुळे सुटायला थरच उरत नाहीत.

तरीही दोन अपघात प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असावेत. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवेत उडाले. पत्र्यांच्या चिकटवलेल्या सांध्यात ओलावा शिरून तो सुटला होता, भार रिव्हेटांवर गेला होता आणि त्यांच्या छिद्रांशी भेगा वाढत गेल्या होत्या. दुसरा अपघात जुलै २००६ मध्ये बॉस्टनच्या बोगद्यात घडला. छताच्या काँक्रीटच्या लाद्या ज्या बोल्टांना टांगल्या होत्या, ते बोल्ट लवकर घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने बसवलेले होते. ते इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहिले आणि छत खाली आले. थोडा वेळ ओढून पाहिल्यावर हे बोल्ट पक्के वाटत होते. डोक्यावर कायम टांगून राहणाऱ्या वजनासाठी केवळ ब्रोशरमधला ताकदीचा आकडा पाहू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

आणखी एक अडचण अजून पूर्ण सुटलेली नाही. सांध्यातील पोकळी अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडते. पण दोन थर एकमेकांना नुसते टेकलेले असतील, मध्ये फट नसेल आणि पकडही नसेल, तर यंत्राला तो सांधा चांगलाच वाटतो. विमानांचे मुख्य सांधे केवळ चिकटवणीवर सहसा सोडले जात नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता प्रश्न येतो तो पठारावरच्या जुन्या पात्यांचा. घट्ट झालेले नेहमीचे इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर वितळत नाही, म्हणून उतरवलेली पाती बहुधा कापून पुरली किंवा जाळली जातात. २०११ मध्ये फ्रान्सच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने ज्यांचे रासायनिक बंध उष्णतेने अदलाबदल करू शकतात, अशी व्हिट्रिमर नावाची साहित्ये दाखवली. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये सौम्य आम्लात रेझिन सुटे होऊ शकणारे पाते सादर केले. ही रेझिने आपल्या वसाहतींपर्यंत पोचतील तेव्हा पोचतील. तोपर्यंत माझी मागणी छोटी आहे: प्रत्येक कामाबरोबर, त्याच दिवशी, त्याच मिश्रणातून आणि त्याच हाताने दोन पट्ट्यांचा एक नमुना चिकटवावा, त्यावर तारीख, तापमान आणि हवेतील आर्द्रता लिहावी, आणि माल गाडीत चढण्यापूर्वी तो तोडून पाहावा. ॲडेसिव्हचा थर दोन्ही पट्ट्यांवर राहिला, तर माल सोडावा. एक पट्टी कोरी निघाली, तर थांबवावा.