तुम्ही विचारलंत म्हणून : तारवाट कुठे आहे?

तारवाट हे माझ्या मनातलं शहर. अकरा मुखांनी समुद्राला मिळणाऱ्या थोरल्या नदीवरचं, तीन हजार वर्षांचं. त्याबद्दल दोन प्रश्न मला सतत विचारले जातात. कोकणातल्या नद्यांना त्रिभुज प्रदेश नसतोच, मग चिपळूणच्या मुलीला हे सुचलं कुठून? आणि तारवाट म्हणजे चिपळूणच ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नसतो, हे मलाही शाळेपासून पाठ आहे. आमच्या नद्या सह्याद्रीवरून धाडकन उतरतात आणि लगेच खाडीला लागतात. गाळ टाकत पसरायला त्यांना सपाटीच मिळत नाही. जो काही येतो तो भरती-ओहोटी हलवत राहते. डोंगराच्या त्याच रांगेत उगम पावलेली कृष्णा मात्र संथपणे पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराशी जमीन रचते. कोयनेचं पाणी खरं तर तिचं. ते बोगद्यांतून वळवून, पोफळीला वीज करून आमच्या वाशिष्ठीत सोडतात. हे कळलं त्या दिवशी मी पुलावर उभी राहून किती तरी वेळ पाणी बघत होते. जमीन रचायला निघालेलं पाणी दाभोळच्या खाडीकडे चाललं होतं. त्याला मी कागदावर वाट करून दिली, एवढंच.

नाईलच्या मुखाशी थोनिस-हेराक्लिऑन होतं. पायाखालची ओली माती खचली, शहर समुद्रात गेलं आणि २००० साली अबू किर उपसागराच्या तळाशी सापडलं. तारवाटचं तसं होणार नाही, असं मी ठासून लिहिलं होतं. नदीने मुख बदललं की तिथले लोक घरं मोडून तिच्यामागे जातात. पूर आला की जमीन आली म्हणून उंबऱ्यातून पाण्याला ओवाळतात. हे लिहिणारी मी पुरात कधी उभी राहिले नव्हते.

२२ जुलै २०२१. बाजारपेठेत पाणी शिरलं. आमचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. बाबा शिंपी. गणपती दीड महिन्यावर आलेले, कपाटं गिऱ्हाइकांच्या कापडांनी भरलेली. जिन्याच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. बाबा मशीनचं डोकं सोडवत होते. ओरडून म्हणाले, "गल्ल्याखालची वही घे!" मी हो म्हटलं, आणि बेतायच्या टेबलामागून तारवाटच्या नकाशांची गुंडाळी उचलून वर गेले. परत उतरले तेव्हा गल्ला तरंगत होता.

ती मापांची वही होती. चाळीस वर्षांची. छाती, कंबर, मुंढा, बाही. त्यातली किती तरी माणसं आता नाहीत. लग्नानंतरच्या आईच्या पहिल्या ब्लाऊजचं मापही त्यातच होतं. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ. मी टोपल्या भरत होते. बाबा फावड्यातला चिखल टाकण्याआधी बोटांनी पसरून बघत होते, प्रत्येक वेळी. तिसऱ्या दिवशी चार पानं मिळाली, एकमेकांना चिकटलेली, शाई धुतली गेलेली. त्यांनी ती खिडकीत वाळत घातली. मग मला विचारलं, "तुझे कागद वाचले ना?" टोमणा नव्हता त्यात. खरोखर विचारत होते.

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते उचलतो, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खोटं आहे ते. गल्ला जिन्याच्या तोंडाशी होता. नकाशे आत, भिंतीला टेकवलेले. मी पाण्यातून गल्ल्यावरून पुढे गेले होते.

तरीही तारवाट म्हणजे चिपळूण नव्हे. कृपा करून तसं म्हणू नका. आमच्या इथे कोणी घर मोडून नदीमागे जात नाही. गाळ उपसून त्याच उंबऱ्याशी परत दुकान मांडतात. बाबांनीही मांडलं. हे शहाणपण की नाइलाज, यावर माझं मत दर पावसाळ्यात बदलतं.

ओवाळणीचं ते पान मी फाडलं. नंतर वाटलं, तीन हजार वर्षं पुरात राहणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, म्हणून पुन्हा लिहिलं. आता तारवाटमध्ये शिंपीआळी हवी आहे. गेल्या महिन्यात ती पाचव्या मुखावर काढली होती. परवा खोडली.