नॉर्मल आहे, काका

सीरमचा, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा, रंग बघूनच कळलं होतं. सेंट्रिफ्यूज थांबलं, झाकण उघडलं, चार प्लेन बल्ब (रक्ताच्या नळ्यांना आम्ही बल्ब म्हणतो) बाहेर काढले, तिघांचं सीरम नेहमीसारखं फिकट गवती आणि चौथ्याचं हळदीच्या पाण्यासारखं गर्द. बल्बवरचं नाव वाचलं आणि पोटात गोळा आला. नाव ओळखीचं होतं, आणि त्या माणसाला पाच महिन्यांपूर्वी मीच काउंटरवरून म्हटलं होतं, "नॉर्मल आहे काका, काळजी करू नका."

मी चिपळूणला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर रक्त काढतो. रक्त काढून साडेदहापर्यंत मोकळं होतं, उरलेला दिवस मशीनची मनधरणी करण्यात आणि "रिपोर्ट आला का" या फोनला उत्तरं देण्यात जातो. पॅथॉलॉजिस्ट सर येतात, बघतात, सही करतात. रिपोर्टचा अर्थ सांगणं आमचं काम नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. पण काउंटरच्या पलीकडून कुणी कागद पुढे करून "ताई, बरं आहे ना?" विचारतं तेव्हा गप्प बसता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

काका टेलर. २०१४ साली आखातात जायचं नक्की झालं होतं, तिकडच्या शिलाईच्या दुकानात, पैसेही भरलेले एजंटला. मेडिकलमध्ये एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी व्हायरसच्या अँटिजेनची टेस्ट, पॉझिटिव्ह आली आणि शिक्का बसला, अनफिट. आपल्याकडे कितीतरी जणांना हिपॅटायटिस बी आहे हे असंच कळतं, मेडिकलला नाहीतर रक्तदान केल्यावर, कारण त्रास काहीच नसतो. सहा महिन्यांनी परत केली, परत पॉझिटिव्ह, म्हणजे क्रॉनिक, मुरलेला. घरी ताट-वाटी-पेला वेगळा झाला (गरज नव्हती, जेवणातून पसरत नाही हो हा, पण सांगतो कोण), बायको-मुलांच्या टेस्ट झाल्या, निगेटिव्ह निघाल्या, लसी घेतल्या. काका मात्र दर सहा महिन्यांनी आमच्याकडे यायचे, कपड्यांच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे रिपोर्ट. कुठली टेस्ट कशासाठी हे ते कधी विचारायचे नाहीत, आकडा विचारायचे. टेलरच तो, माप हवं.

तर त्या नोव्हेंबरच्या सकाळचं. होम कलेक्शनचं सॅम्पल, ज्युनिअर पोरगा घेऊन आलेला, मी काकांना बघितलंच नव्हतं. त्याला विचारलं कसे होते रे, तर म्हणाला झोपून होते, डोळे पिवळे, गळ्यात काविळीची माळ. मी डोक्याला हात लावला. चार दिवस माळ घालून बसले होते. इथे अजून एमबीबीएसच्या घरची माणसं पण काविळीला माळ घालतात, त्यामुळे काकांना एकट्याला काय बोलायचं.

मोठं मशीन त्या आठवड्यात बंद, इंजिनिअर तीन दिवस "उद्या येतो". म्हणून एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) जुन्या सेमी ऑटो मशीनवर लावली. बिलिरुबिन, काविळीचा पिवळा रंग तो, आलं ११.२ आणि एसजीपीटी आली ७४. पोरगा एंट्री मारायला निघालाच होता. म्हटलं थांब. आता असं होऊ शकतं, पित्ताच्या नळीत खडा अडकला तर बिलिरुबिन खूप आणि एसजीपीटी थोडीच वाढलेली अशी जोडी दिसू शकते. पण मला काकांचं जुनं माहीत होतं म्हणून ग्राफ उघडून बघितला. या टेस्टच्या रिएजंटमध्ये एनएडीएच म्हणून असतं, सीरममधलं एन्झाइम जितकं जास्त तितकं ते भराभर संपतं, आणि ते किती वेगाने संपतंय हे मशीन ३४० नॅनोमीटरवर बघतं. पण सुरुवातीचं मिनिटभर मशीन मोजतच नाही, थांबतं. एन्झाइम अफाट असेल तर त्या मिनिटातच बहुतेक सगळा फडशा पडतो, आणि मशीन डोळे उघडून बघतं तर ताट जवळजवळ रिकामं, हालचाल नाहीच. मग ते बिचारं म्हणतं, फार काही नाही, ७४. ग्राफची रेघ अगदी तशीच होती, सुरुवातच खालून आणि पुढे आडवी.

१०० मायक्रोलिटर सीरम, ९०० सलाइन, हलक्या हाताने मिक्स, परत लावलं. १६४. गुणिले दहा. १,६४०.

चौदा वर्षांत अशा जागा हातावर मोजण्याइतक्या आल्यात जिथे वाटलं की आपण होतो म्हणून चुकीचा कागद बाहेर गेला नाही. ही त्यातली एक. आणि त्याच माणसाच्या बाबतीत, हे नंतर लक्षात आलं.

सरांना फोन केला, काकांच्या डॉक्टरांना फोन केला, पोराला परत पळवलं निळ्या झाकणाचा बल्ब घेऊन. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. लिव्हर खरंच हातपाय गाळतंय का हे एसजीपीटीपेक्षा तो आकडा जास्त सांगतो, एसजीपीटी नुसती पेशी फुटतायत एवढंच सांगते. तो आकडा, आयएनआर, आला १.८. डॉक्टर म्हणाले आजच मुंबईला हलवा. रक्तात व्हायरस किती हे सांगणाऱ्या डीएनए टेस्टसाठी ईडीटीए बल्ब फिरवून प्लाझ्मा वेगळा केला, आइसपॅकच्या डब्यात भरला. ती टेस्ट आमच्याकडे होत नाही, मुंबईला जाते, आणि पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की आमचा डबा आणि आम्ही दोघंही लटकतो. नोव्हेंबर होता, वेळेत गेला.

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला मुलगा आला, रात्रीच निघणार होते. पिशवी घेऊनच आला, जुने रिपोर्ट तिकडे लागतील म्हणून झेरॉक्स हव्या होत्या. पिशवीत एक वही होती. मापाची वही, टेलरकडे असते ती लांबट, पट्टीने रकाने मारलेली. छाती, कंबर, बाही अशा रकान्यांच्या जागी तारीख, एचबीएसएजी, एसजीपीटी, डीएनए, आणि शेवटचा रकाना 'काय म्हणाले'.

मी उभ्या उभ्या वाचली ती वही.

एचबीएसएजीच्या रकान्यात ३,८१२, मग ४,६०५, मग २,१४०. शेजारी खाली जाणारा बाण आणि 'कमी होतंय'. अरे देवा. तो आकडा म्हणजे मशीनला मिळालेला सिग्नल कट-ऑफच्या किती पट, एवढंच. १ च्या वर गेला की रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, पुढे हजार असो की चार हजार. ते तिन्ही आकडे तीन वेगळ्या लॅबचे, तीन वेगळ्या मशीनचे, एकाची इंचपट्टी आणि दुसऱ्याची हाताची वीत. अँटिजेन खरोखर मोजायची टेस्ट वेगळी असते, तिचं उत्तर आययू या एककात येतं. पण आम्हीच तो इंडेक्स दोन दशांशांपर्यंत छापून हातात देतो, मग माणूस बाण काढणार नाहीतर काय करणार. (जुने डॉक्टर अजून चिठ्ठीवर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' लिहितात, कारण तो पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला होता. एका पेशंटने मला घाबरून सांगितलेलं, ताई मी तर मुंबईच्या पुढे गेलो नाही कधी.)

पुढे एका ओळीत 'ई अँटिजेन निगेटिव्ह' (ई म्हणजे त्याच व्हायरसचं आणखी एक प्रथिन), त्याला दोनदा अधोरेखित. त्याखाली 'अँटी एचबीई ०.०२ रिॲक्टिव्ह' आणि प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह मला फार लागलं. ई विरुद्धची अँटिबॉडी बघणारी ही टेस्ट बऱ्याच मशीनवर उलटी चालते, आकडा १ च्या खाली आला तर रिॲक्टिव्ह. शिकलेला माणूस सुद्धा इथे चक्रावतो, आणि रिपोर्टवर त्याबद्दल एक ओळ, मुंगीच्या अक्षरात. बरं, ई अँटिजेन गेला म्हणजे व्हायरस शांत झाला असंही नाही. काहींच्यात तो असा बदललेला असतो की ई बनवत नाही पण वाढत राहतो. काकांचं तेच होतं. ई निगेटिव्ह आणि डीएनए ४८,०००. नंतरच्या टेस्टला ३१,०००, तिथे परत बाण. लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या पटींच्या मापात, बघितलं तर ४.६८ वरून ४.४९, म्हणजे काहीच नाही, अर्ध्या लॉगच्या आतला फरक टेस्टच्या हेलकाव्यातच जातो. एसजीपीटी ४२, आमच्या छापील रेंजमध्ये, म्हणून ठळक अक्षरात नाही, म्हणून काकांच्या लेखी ठीक. डब्ल्यूएचओच्या २०२४ च्या सूचनांमध्ये पुरुषांना ३० आणि बायकांना १९ च्या वर गेलं की वाढलेलं धरतात. आमच्या रेंजा आहेत तिथेच आहेत.

फायब्रोस्कॅन केलं तेव्हा लिव्हर कडक निघालं आणि टेनोफोव्हिर चालू झालं. रोज एक गोळी. वर्षभरात डीएनए नाहीसा. आणि मग जूनची ओळ. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं, काकांनी कागद पुढे केला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', एसजीपीटी २६, आणि मी हसून म्हणाले ते वाक्य. मला खरंच आनंद झाला होता. वहीत शेवटच्या रकान्यात: 'ताई - नॉर्मल'. आणि त्याखालच्या ओळीत, वेगळ्या पेनने: 'गोळी बंद १ जुलै'.

मुलगा म्हणाला, आम्ही पण गूगलवर बघितलं होतं ना, नॉट डिटेक्टेड म्हणजे नाही. शिवाय महिन्याला गोळ्यांचे पैसे. मी विचारलं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात ते माहीत नाही का? नव्हतं माहीत. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा हिपॅटायटिसचा कार्यक्रम आहे, त्यात बी ची औषधंपण येतात, जिल्ह्याला मिळतात. पोस्टर आमच्या भिंतीवर सुद्धा आहे, वॉटर प्युरिफायरच्या मागे.

मग त्याला सांगितलं, जे जूनमध्ये सांगायला हवं होतं. गोळी व्हायरस मारत नाही, त्याच्या कॉप्या निघणं थांबवते. रक्तात सापडत नाही, पण लिव्हरच्या पेशीत मूळ प्रत बसलेली असते, अस्तरात शिवून टाकल्यासारखी. गोळी मनाने बंद केली की काही महिन्यांत परत उसळतो. तो फक्त मान हलवत होता. मी म्हटलं नाही की ती ताई मीच. त्याला माहीत असणारच, वहीत लिहिलंय.

डीएनए आला २ कोटी ६० लाख.

काका मुंबईला १९ दिवस होते. गोळी परत चालू केली, आयएनआर हळूहळू खाली आला, ट्रान्सप्लांटचा विषय निघाला होता तो मागे पडला. वाचले. मी सरांना सगळं सांगितलं, सर म्हणाले म्हणूनच सांगतो, इंटरप्रिटेशन करायचं नाही, आणि काउंटरवर पाटी लागली, 'रिपोर्टबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलावे'. सर चुकीचे नाहीत. पण त्या डॉक्टरांच्या बाहेर साठ नंबर असतात आणि आत तीन मिनिटं मिळतात. त्यांनी "बंद करू नका" सांगितलं असणार, मला खात्री आहे, आणि काकांनी ते वहीत लिहिलं नाही कारण तेव्हा वही पिशवीत होती. माझ्याकडे आले तेव्हा वही उघडी होती. मशीनचं ७४ मी पकडलं. माझं 'नॉर्मल' पकडायला पलीकडे कोणी नव्हतं.

पाटी लागल्यापासून मी दोन आठवडे खरंच कुणाशी बोलले नाही. मग परत बोलायला लागले, फक्त नॉर्मल हा शब्द तोंडातून काढत नाही.

या सप्टेंबरला काका आले. वजन उतरलंय, शर्ट स्वतःच शिवलेला तरी ढगळ. डीएनएचा रिपोर्ट घेतला, चष्मा लावला, वही काढली, पेन उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "सांगा ताई, काय लिहू?"

मी पाटीकडे बघितलं, सर आत होते. त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'गोळी चालू आहे म्हणून सापडत नाही. विचारल्याशिवाय बंद नाही.'

काकांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मोठं झालं ओ हे, रकान्यात मावत नाही." मग पट्टी मागितली, माझ्याकडे पट्टी नव्हती, रिपोर्टच्या पाकिटाची कड लावून त्यांनी पुढच्या सगळ्या पानांवर तो रकाना रुंद करत आणला, आणि मागे उभे असलेले लोक वैतागून म्हणत होते, अहो आवरा लवकर.