खुर्चीसाठी निधी आणि बँकेतले सहा आठवडे

माझ्या भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा जनुकीय विकार आहे. लहानपणी जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढावे तसा उभा राहायचा. त्या काळात आम्ही त्याला आळशी म्हटले, हे मला अजून सलते. बाराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले. पुढे हातांतले बळही कमी होऊ लागल्याने विजेवर चालणारी खुर्ची घेणे भाग होते.

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि जागतिक ड्युशेन जागृती दिनही त्याच तारखेला असतो, कारण या विकारात बिघडणाऱ्या डिस्ट्रॉफिन जनुकाचे ७९ खंड आहेत आणि ७ सप्टेंबर म्हणजे ७/९. हा योग पाहून आमच्या सोसायटीच्या मंडळाने मंडपात माहितीचे फलक लावण्याचे आणि भाच्यासह परिसरातील आणखी दोन मुलांसाठी निधी जमवण्याचे ठरवले. वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क अन्वये लागणारी परवानगी ऑनलाइन अर्जावर विनासायास मिळाली.

अडले ते बँकेत. आमचे मंडळ नोंदणीकृत नसल्याने खाते निघणार नाही, असे शाखेत पहिल्या दिवशी तोंडी सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस मंडळाच्या नावाचे पॅन कार्ड मागितले. ते यायला लागलेल्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती मागणी रास्त होती. तिसऱ्या खेपेस ठरावावर रबरी शिक्का नाही म्हणून कागद परत आले आणि चौथ्या खेपेस ठरावातले ‘मित्र मंडळ’ पॅनवर जोडून छापले आहे, एवढ्यावरून आले. पाचव्यांदा गेलो तेव्हा संबंधित अधिकारी रजेवर होते आणि आमची फाईल कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. इकडे वर्गणीचे शब्द देऊन बसलेले लोक रोज विचारत होते, पैसे कुठे भरायचे? भाचा जुन्या खुर्चीत एका कुशीवर कलून बसायचा, ताई त्याच्या बगलेत उशी खोचायची आणि अर्ध्या तासात ती पुन्हा खाली सरकलेली असायची. पाठीचा कणा वाकण्याचा धोका असलेल्या मुलाच्या बाबतीत सहा आठवडे हा लहान काळ नव्हे, हे मी त्या टेबलासमोर उभा राहून कळवळून सांगितले. त्यावर ‘मग तुमच्याच खात्यात घ्या ना पैसे’ असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही आणि कोणीही मानू नये, कारण लोकांचा पैसा एकदा खासगी खात्यात मिसळला की हिशेबाबद्दल शंका निघते आणि ती मुलाच्या आईवडिलांना ऐकून घ्यावी लागते.

सहाव्या खेपेस मी लेखी अर्ज दिला. नोंदणी नसलेल्या संघटनेचे खाते उघडण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत व्यवस्थापक मंडळाचा ठराव, पॅन किंवा ते नसल्यास फॉर्म ६०, व्यवहाराचे अधिकारपत्र आणि संघटनेच्या अस्तित्वाचे पुरावे यांचा उल्लेख आहे. ते सर्व जोडून, खाते नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे, अशी विनंती केली आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. चौथ्या दिवशी खाते क्रमांक आला. पोच पहिल्याच दिवशी घेतली असती तर पाच खेपा वाचल्या असत्या असे माझे ठाम मत आहे.

फलक लिहिताना एक गोष्ट आम्ही मोठ्या अक्षरांत घातली, तीही सांगतो. हा पोलिओ नव्हे, आणि गरोदरपणात आईने काय खाल्ले याच्याशीही याचा संबंध नाही. जनुकातला दोष अनेकदा आईकडून येत असला, तरी साधारण एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. हा फलक वाचून एक आजी बराच वेळ ताईचा हात धरून उभ्या होत्या. मूल वारंवार पडत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर रक्ताची सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी) तपासणी करून घ्यावी, हेही तिथे लिहिले होते.

देणगीदार करसवलतीसाठी लागणारी ८० जी पावती मागतात. ती देण्याचा अधिकार आमच्यासारख्या मंडळाला नसतो, हे आधीच स्पष्ट सांगावे. ज्यांना करसवलत हवी असेल त्यांना मान्यताप्राप्त संस्थेकडे पाठवावे, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर तिथेही सवलत मिळत नाही याची कल्पना द्यावी.

खुर्ची दिवाळीच्या आधी आली. तिचे बिल आणि पासबुकाच्या प्रती जिन्याखालच्या सूचनाफलकावर अजून लावलेल्या आहेत. दुसऱ्या मुलाच्या खुर्चीची रक्कम जमली आहे, तिसऱ्याची जमायची आहे.