तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरच्या चित्रांचं पुढे काय?

दिवाळीआधी रंगकामासाठी चित्रं भिंतीवरून उतरतात आणि मग मला फोन येतो, “मॅडम, बाबांची चित्रं आमच्या नावावर झाली तर टॅक्स किती बसेल?”

मिळताना काही नाही. इस्टेट ड्युटी, म्हणजे वारशावरचा कर, १९८५ साली गेली, संपत्ती कर २०१५ साली. वारशाने किंवा मृत्युपत्राने आलेल्या चित्रावर घेणाऱ्याला कर नाही. तो बसतो विकताना, नफ्यावर, आणि तेव्हा खरेदीची किंमत बाबांनी मोजलेली धरतात. बाबांची पावती कुठाय?

एका घरी आम्ही फ्रेम उलटी करून पाहिली. मागे गॅलरीची चिठ्ठी, अर्धी वाळवीने खाल्लेली. किंमत गेली होती, पण साल वाचता येत होतं: १९७८. तेवढ्यावर काम झालं! खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असली की त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. मूल्यांकनकाराचा अहवाल घेतला. चित्र बाबांकडे होतं ती वर्षंही मोजली जातात, म्हणून नफा दीर्घ मुदतीचा. त्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार-उपकर असेल तो. तेव्हापासून रंगाऱ्याला मी आधी बजावते, मागचे कागद खरवडू नका.

जिवंतपणी द्यायचं तर नातं बघा. मामाने भाच्याला चित्र दिलं तर भाच्याला कर नाही. भाच्याने मामाला पन्नास हजारांवरचं दिलं, तर मामाच्या उत्पन्नात अख्खी किंमत धरली जाते! कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत भाचा बसत नाही, त्याला मी काय करू? लाडक्या शिष्याचंही तेच. त्याला द्यायचं असेल तर मृत्युपत्रात लिहा, मग कर नाही.

पण मृत्युपत्र नीट लिहा हो. ‘फ्लॅट धाकट्याला, घरातलं सामान थोरलीला’ असं एका गृहस्थांनी लिहिलं होतं. सामानात दिवाणखान्यातलं चित्र आलं, आणि त्याची किंमत फ्लॅटच्या वर निघाली. त्या घरात सहा वर्षं भाऊबीज झालेली नाही. प्रत्येक चित्राचा फोटो, माप, सही कुठल्या कोपऱ्यात आहे, आणि पुढे नाव. दोन साक्षीदार. एवढ्याला एक रविवार पुरतो.

चित्र मिळालं म्हणून त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क मिळत नाही, बरं का. चित्रकाराने तो लेखी दिला नसेल तर कॉपीराइट त्याच्याकडे आणि मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांकडे.

“आमच्याकडे रविवर्मा आहे,” असंही दर वर्षी कुणीतरी सांगतं. बहुतेकदा तो रविवर्मांच्या मळवलीच्या छापखान्यातला ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची छापील प्रत असते. पण तोही शंभर वर्षांवरचा असला तर पुरावस्तू, आणि मूळ तैलचित्र असलं तर १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली कलानिधी. दोन्ही देशाबाहेर नेता येत नाहीत. मुलगा न्यू जर्सीत स्थायिक असला, तरी चित्र ठाण्यातच राहणार.